सतरावा लाल दोरा

धुडकूकाका येताना त्यांची पिशवी हलकी असते आणि जाताना जड, हे धनश्रीच्या नजरेत भरलं त्या संध्याकाळी तिला दोन भाकरी जास्त गेल्या. संशयाने भूक लागते हे तिला तेव्हा कळलं.

तशी तिची नजर नुकतीच नावारूपाला आली होती. महिन्यापूर्वी शाळेतली नकाशांची गुंडाळी गायब झाली. अख्खा नववीचा वर्ग शिपायावर घसरला, पण धनश्रीने फरशीवरचा चुन्याचा माग काढत काढत ती गुंडाळी थेट भूगोलाच्या बाईंच्याच कपाटातून बाहेर काढली. बाईंनी ठेवली आणि बाईच विसरल्या. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी प्रार्थनेला तिचं नाव घेतलं. तोवर हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही जिचा आवाज घशात अडकायचा, ती पोरगी त्या दिवसापासून वर्गात बाकाला टेकून बसायला लागली. आपल्या नजरेतून काही सुटत नाही हे एकदा पक्कं झालं, की नजर घरात तरी कशी स्वस्थ बसेल?

आणि घरात काम होतंच. सुरतच्या डिंडोलीतल्या त्यांच्या घराच्या भिंतीला टेकून पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये उभी होती मॉरिस मायनर. धनश्रीच्या आबांपेक्षा चार वर्षांनी लहान. गोल डोळ्यांची, फुगीर गालांची, रंग उडून पाव भाजल्यासारखी झालेली. गाडी बेजनजी शेठची. प्लेगच्या वर्षी शेठ घाईघाईने सुरत सोडून वलसाडला बहिणीकडे गेले, तेव्हा गाडी बंद पडली ती पडलीच. दोन वर्षांनी त्यांना ती पुन्हा चालती पाहायची होती, आणि तीही जशीच्या तशी.

आबा म्हणजे सुकलाल. बारा वर्षं मागांवर जॉबर होते. म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करून चालता करणारे. तो कारखाना बंद झाल्यावर भेस्तानच्या एका मोटार गॅरेजमध्ये पाना धरायला शिकले. आता पहिल्यांदाच स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या नावावर काम घेतलं होतं. शेठ त्यांना म्हणाले होते, “सुकलाल, माझ्या तीन दोस्तांकडे अशाच जुन्या गाड्या सडतात. ही बरोबर झाली, तर तिन्ही तुझ्याकडे येतील. पण मला फसवलं तर अर्धी उघडी गाडीसुद्धा दोरीने ओढून नेईन.”

हे धनश्रीला आईने, म्हणजे सरलाबाईंनी, भाकरी थापता थापता सांगितलं होतं. त्याच रात्री धनश्रीने पत्र्याच्या तुकड्यावर निळ्या ऑइलपेंटने ‘सुकलाल मोटर वर्क्स’ असं वर गुजरातीत, खाली मराठीत लिहून काढलं आणि पाटी खाटेखाली सरकवून ठेवली. गाडी बरोबर झाली की पाटी वर. नाही झाली, तर आबा परत भेस्तानला, दुसऱ्याच्या हाताखाली.

अडचण मोठ्या वस्तूंची नव्हती. इंजिन आबांनी बोलतं केलं होतं. नडत होत्या त्या बारीकसारीक वस्तू. स्प्रिंगा, वायसर, रबराची बोंडं, खटके, चिमट्या. कंपनीने त्या करणं कधीच बंद केलेलं. आबा मुंबईला जाऊन दोन दिवस स्पेअर पार्टच्या गल्ल्यांत फिरून आले आणि येताना हाती फक्त पायाचे फोड घेऊन आले. गाडी उघडताना निघालेली प्रत्येक लहान वस्तू त्यांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यांत भरली होती, आणि कुठली वस्तू कुठल्या डब्यात, याची यादी धनश्रीच्या सुवाच्य अक्षरात होती.

त्या डब्यांतूनच वस्तू नाहीशा व्हायला लागल्या.

पहिल्यांदा ॲक्सिलरेटरच्या तारेची स्प्रिंग. गंजलेली, पण मूळची.

“आबा, तीन नंबरच्या डब्यात स्प्रिंग नाही.”

गाडीखालून आबांचे फक्त पाय दिसत होते. “धुडकूकडे व्हयी.”

“त्यांच्याकडे कशाला?”

“लागनी व्हयी त्याले. तो चौदा नंबरचा पाना दे.”

लागली असेल! चार दिवसांनी डॅशबोर्डच्या खणाचा खटका गेला. मग काचेच्या खाचेतली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी. दर वेळी आबांचं उत्तर तेच. आणि धुडकूकाका मात्र रोज साडेसहाला मागावरून सुटून येत, केसांत कापसाचा भुगा, हातात ती खाकी पिशवी. आबांचे जुने जोडीदार, धुळ्याकडचे, बायको गेल्यापासून एकटे. तासभर बॉनेटमध्ये डोकं घालून दोघं कुजबुजत. धनश्री जवळ गेली की कुजबुज थांबे.

“काय बोलत होता?”

“काही नही व माय,” धुडकूकाका म्हणत. “तू अभ्यास कर. मोठी सायेब व्हयशी, मग आमले गाडीमा बसाडशी.”

आता निरपराध माणूस कधी इतकं गोड बोलतो का?

धनश्रीने शाळेच्या वहीची मागची पानं उलटी करून तपास सुरू केला. विचारायचं कोणालाच नाही, हा तिचा पहिला नियम होता. विचारलं की चोर सावध होतो. बाईंच्या कपाटाचं तरी तिने कुठे कोणाला विचारलं होतं?

आणि मग सापडला लाल दोरा.

आबा आंघोळीला गेले होते. तिने बॉनेट उघडून पाहिलं तर नाहीशा झालेल्या स्प्रिंगच्या जागी दुसरीच स्प्रिंग होती, चकचकीत, जरा जाड, आणि तिच्या टोकाला लाल सुताची बारीकशी गाठ. खणाचा खटका पाहिला. तोही दुसराच. त्यालाही गाठ. दोन्ही दारांच्या मधल्या खांबात एक इशाऱ्याचा हात असतो, वळायच्या वेळी टक्कन बाहेर येणारा, केशरी दिव्याचा. त्याच्या आत वाकून पाहिलं. तिथेही लाल गाठ.

 सगळं लख्ख उलगडलं. धुडकू मूळ वस्तू पळवतो, तिच्या जागी फालतू वस्तू बसवतो, आणि कुठली बदलून झाली, कुठली राहिली, हे विसरू नये म्हणून खूण बांधतो. लाल दोऱ्याचं रीळ त्याच्या सदऱ्याच्या खिशात असतं, हे तिने आधीच टिपलेलं होतं. आणि आबा भोळे. आबा जोडीदाराला कधी काही बोलायचे नाहीत. शेठ येतील, बॉनेट उघडतील, नकली वस्तू पाहतील, आणि चोर ठरतील ते आबा.

पुढच्या दिवसांत तिने अशा सोळा गाठी शोधून वहीत टिपल्या. आता फक्त एक पुरावा हवा होता. तो शनिवारी मिळाला. शाळा सकाळची होती. उधन्याच्या बाजूने घरी येताना तिला रस्त्यापलीकडे खाकी पिशवी दिसली. भंगारवाल्याच्या दुकानापुढे धुडकूकाका उकिडवे बसले होते. तिने उसाच्या गाड्याआड उभं राहून पाहिलं. त्यांनी पिशवीतून काहीतरी लहान, पितळी काढलं आणि भंगारवाल्याच्या हातावर ठेवलं. भंगारवाल्याने ते उजेडात फिरवलं, मान हलवली. दोघं काही बोलले. पुढचं पाहायला ती थांबली नाही. पुढचं काय पाहायचं? विकलं.

घरी येऊन तिने आईच्या शिवणकामातली कात्री घेतली.

बेत असा होता: शेठ उद्या रविवारी गाडी बघायला येणार. त्याआधी सगळ्या खुणा कापून टाकायच्या. मग धुडकू गोंधळणार, बदललेली वस्तूच पुन्हा चोरायला जाणार, आणि रंगेहाथ सापडणार. आणि शेठसमोर आपण वही उघडणार. आबा भेस्तानला जुना पाइप आणायला गेले होते, आई शेजारी मालतीबाईंकडे पापड लाटायला. धनश्रीने वही समोर ठेवली, एकेक जागा वाचायची आणि एकेक गाठ कापायची. सोळा झाल्या. गाडीतून बाहेर येताना दाराजवळ आणखी एक दिसली, तीही कापली. तेवढ्यात मालतीबाईंच्या दारातून आईचा आवाज आला म्हणून ती जागा वहीत लिहायची राहिली. सतरा लाल तुकडे तिने कंपासपेटीत घातले आणि झाकण लावलं. त्या संध्याकाळी धुडकूकाकांना चहा देताना ती मनातल्या मनात हसत होती.

रविवारी अकराला बेजनजी शेठ रिक्षातून उतरले. पांढरी पँट, काळी टोपी, हातात काठी. चाळीस वर्षं त्यांनी एका मिलच्या फोल्डिंग खात्यात कापड तपासलं होतं. ठाण उलगडायचं, बोटं फिरवायची आणि खोट धरायची, हीच त्यांची नोकरी. गाडीवरूनही ते तशीच बोटं फिरवत चालले. दार उघडलं, लावलं. इशाऱ्याचा हात टक्कन बाहेर आला तेव्हा त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. आबा हात पुसत मागे मागे चालत होते. धुडकूकाका शेडच्या खांबाला टेकून उभे होते. रविवार असूनही पिशवी होतीच.

“चाल, सुकलाल,” शेठ म्हणाले. “आता दाखव. कुठे कंपनीची वस्तू नथी?”

“दाखवायचं काय, शेठ. ठरलं तसंच आहे. जिथं दुसरी बसवली तिथं लाल दोरा. सतरा जागा आहेत.”

धनश्रीच्या हातातली वही जागच्या जागी थंड पडली.

आबांनी बॉनेट वर केलं आणि वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग खणापाशी गेले. मग खांबापाशी. त्यांच्या मानेवर घाम दिसायला लागला.

“इथं होता,” ते म्हणाले. “धुडकू, तू बांधला होता ना इथं?”

“बांधेल होता. मी सोता बांधेल होता.”

“मग?”

शेठ काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. आवाज चढला नाही, उलट उतरला. “सुकलाल. कापडात खोट असली तर काठाला लाल दोरा बांधायचा, हे तू पण जाणे, हुं पण जाणुं. खोट असलेलं कापड मी आयुष्यभर पास केलं. दोरा नसलेली खोट कधी पास केली नाही. मी बोललो होतो, वस्तू नाही मिळाली तर दुसरी बसव, मागाची बसव, माझी हरकत नाही. पण दोरा बांध. तू ‘हा’ बोलला. आता एक पण दोरा नथी. मी म्हातारा झालो, मला दिसणार नाही, असं वाटलं?”

“नाही शेठ. आईची शपथ, होते.”

“तर गेले कुठे?”

शेठची नजर आबांवरून धुडकूकाकांवर गेली, त्यांच्या पिशवीवर गेली, परत आबांवर आली. ती नजर धनश्रीला ओळखीची वाटली. गेला महिनाभर ती स्वतः हीच नजर घेऊन या अंगणात फिरत होती. आता ती आबांवर पडली होती.

 आबा पुन्हा बॉनेटपाशी येऊन दोरा नसलेल्या स्प्रिंगवरून अंगठा फिरवत होते.

गप्प बसता आलं असतं. कंपासपेटी दप्तरात होती, दप्तर खुंटीला. कोणाला काही कळलं नसतं. खाटेखालची पाटी तिथेच राहिली असती, गाडी दोरीने ओढत गेली असती, आणि शेठ दोषी समजले असते आबांना, आबा समजले असते धुडकूकाकांना. हे सगळं तिच्या डोक्यात जेवढ्या वेळात आलं तेवढ्यात ती घरात जाऊन परतलीही होती. तिने कंपासपेटी मडगार्डवर ठेवून उघडली.

“मी कापले,” ती म्हणाली. “काल.”

 भिंतीपलीकडून मालगाडी गेली, ती संपेपर्यंत सगळे थांबले.

“कसाले?” आबांनी विचारलं.

“मला वाटलं… चोराच्या खुणा आहेत.”

“कोणता चोर?”

यावर तिने जमिनीकडे पाहिलं, आणि तेवढ्याने सगळ्यांना उत्तर मिळालं. धुडकूकाका खांबापासून सरळ झाले.

“पण जागा सगळ्या लिहिल्यात मी,” ती घाईने म्हणाली. “वहीत आहेत. बांधता येतील परत.”

“वांच,” शेठ म्हणाले.

“मी जागा तेवढ्या सांगते.”

“ना डिकरी. लिहिलं तसं वाच. गाळून वाचलं तर मला कसं समजणार की गाळलेलं काय होतं?”

तेव्हा धनश्रीने वही उघडली. वर्गात धडा वाचताना खणखणीत वाजणारा तो नवा आवाज कुठे गेला होता देव जाणे.

“संशयित वस्तू क्रमांक एक. बॉनेटच्या आत, डावीकडे, ॲक्सिलरेटरच्या तारेची स्प्रिंग. लाल दोरा. मूळ वस्तू डब्यातून गायब. धुडकू साडेसहाला आला, सव्वासातला गेला. धुडकू दिसायला गरीब… पण डोळे लबाड.”

“पुढे,” शेठ म्हणाले.

आबांनी कंपासपेटीतून दोरा उचलून स्प्रिंगपाशी ठेवला.

“क्रमांक दोन. खणाचा खटका. धुडकूने मला मोठी साहेब होशील असं म्हटलं. यावरून तो मला गोड बोलून बाजूला करू पाहतो हे सिद्ध होतं.”

दारात उभ्या सरलाबाईंनी पदर तोंडाला लावला. रडू लपवत होत्या की दुसरं काही, धनश्रीला वर बघायचं धैर्य झालं नाही.

“क्रमांक सात. इशाऱ्याचा उजवा हात, आतली पट्टी. आज धुडकूने चहात दोनदा साखर मागितली. चोरांना गोड आवडतं.”

असं करत सोळा. शेवटचं वाक्य कालचंच होतं: धुडकूने पितळी वस्तू भंगारात विकली, मी डोळ्यांनी पाहिलं.

“विकी नही,” धुडकूकाका पहिल्यांदा बोलले. पिशवी त्यांनी गाडीपुढे जमिनीवर पालथी केली. खळखळ करत सगळं बाहेर आलं: गंजलेली स्प्रिंग, मूळचा खटका, नमद्याचा तुकडा, पितळी बुश. सगळ्या मिळून सोळा, प्रत्येक वस्तू वेगळ्या कागदात गुंडाळलेली, वर पेन्सिलीने आकडा. “नमुना दखाडाले लागस ना, पोरी. हातमा मूळ वस्तू नही तर जोड कशी सापडी? आमना कारखानामा जुना माग तोडी राहिनात, तठला शेठनी सांगं, लागी ते ली जा. मागनी स्प्रिंग आठे बसनी. जे मागवर नही भेटनं ते भंगारमा पाहं. तू पाहं, ते ते.”

इतकं बोलून ते रिकामी पिशवी नीट घडी करायला लागले. त्यांनी तिला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं धनश्रीला वाटलं.

“सोळा झाले,” शेठ म्हणाले. “पेटीत एक दोरा बाकी छे.”

आबांनी डोकं खाजवलं. सतराव्या जागेची मूळ वस्तू पिशवीत नव्हती, ती आधीच कुजून पडली असणार; जागा त्यांना आठवेना, धुडकूकाकांना आठवेना, आणि धनश्रीला ‘दाराजवळ’ यापलीकडे काही सांगता येईना. चारही दारं उघडली. शेठनी काठी बाजूला ठेवली, डोळे मिटले आणि बोटं फिरवायला सुरुवात केली. बिजागरी, काठ, रबर. मागच्या दारापाशी थांबले. दार फार उघडू नये म्हणून आत चामड्याचा छोटा पट्टा असतो, तो त्यांनी चिमटीत धरला, वाकून वास घेतला.

“हा,” ते म्हणाले. “मागावर याने धोट्याला लाखो फटके मारले आहेत. तेलाचा वास अजून गेला नाही.” मग डोळे उघडून आबांना म्हणाले, “मूळच्यापेक्षा चांगला आहे. हा काढू नको. पण दोरा पाहिजे.”

“बांधतो शेठ.”

“तू नाही. जिने कापले ती बांधेल. येत्या रविवारी मी माझ्या तिन्ही दोस्तांना आणतो. गाडी नाही दाखवणार, दोरे दाखवणार.”

रिक्षात बसताना त्यांनी काठीच्या टोकाने धनश्रीच्या वहीकडे बोट केल्यासारखं केलं. “अक्षर सरस छे,” म्हणाले आणि गेले.

दुपारभर धनश्री दोरे बांधत होती. कापलेले तुकडे आखूड पडत होते, म्हणून धुडकूकाकांनी खिशातलं रीळ काढून दिलं. तिने रिबिनीला बांधतात तशी गाठ मारली. काकांनी दोन बोटांनी ओढली, गाठ हातात आली. दुसरी मारली, तीही आली. तिसऱ्यांदा ते शेजारी उकिडवे बसले आणि मागावरची गाठ दाखवली. सूत तुटलं की जोडायची, बोटाच्या एका वळशात बसणारी, कितीही ओढली तरी घट्टच होणारी. तिला ती नऊदा चुकली. काका नऊदा सोडवत राहिले.

“काका,” ती खाली मान घालून म्हणाली, “ते डोळ्यांचं… मी खोडून टाकते.”

“खोडू नको. वही दे.”

तिने दिली. त्यांनी पहिलं पान काढलं. वाचता येत नव्हतं त्यांना, पण ऐकून लक्षात ठेवलं होतं. “कोनती वळ? मना डोया लबाड शेतस, ती.”

तिने ओळीवर बोट ठेवलं. काकांनी सुईने पानाच्या कडेला भोक पाडलं, रिळाचं सूत ओवलं आणि त्या ओळीशेजारी लाल गाठ मारून दिली. दातांनी उरलेलं सूत तोडलं.

“हाई जागा खोटी शे,” ते म्हणाले. “खरं सापडनं की बदल.”

आबा गाडीखालून खो खो हसले. इतका वेळ ते ऐकत होते म्हणजे.

पाटी अजून खाटेखालीच होती. रविवारला आठ दिवस बाकी होते. सातच्या सुमाराला धुडकूकाका उठले, कपडे झटकले, आईने दिलेले पापड पिशवीत घातले आणि निघाले. चहात त्यांनी आजही दोनदा साखर मागितली होती. जाताना पिशवी हलकी होती की जड, ते धनश्रीने पाहिलं नाही.

म्हणजे पाहिलं. पण लिहिलं नाही.